सुळे

सिबिऊमध्ये सगळ्यांना माहीत आहे, ते सुळे मी केले.
बेकरीवाली विचारते, खरे होते का गं?
अ‍ॅक्रिलिक, मी सांगते.
रंग जरा पिवळसर, चहा पिणाऱ्याचा असतो तसा.

दिग्दर्शकाने पहिली जोडी परत केली होती.
फार टोकदार, म्हणाला. यांनी चावता येईल,
पण तिचं चुंबन कसं घेणार तो?
पुस्तकात, म्हणे, चुंबन नव्हतंच.
तिथे नुसता भुकेला म्हातारा, नखांत माती,
तो मरतो तेव्हा सगळ्यांना हायसं वाटतं.
यांनी त्याला बायको दिली, चारशे वर्षांपूर्वी वारलेली.
भूक तीच. आता तिला हाक मारायला नाव होतं.

मी अर्धा मिलिमीटर घासला.
दिवस गेला त्यात. बाहीवर पांढरी भुकटी.
त्या नटाच्या जबड्याचा साचा अजून माझ्या फळीवर आहे:
खालची एक दाढ किडलेली,
आणि झोपेत दात खातो, कडा झिजल्यात.
एवढं त्याच्या आईलाही ठाऊक नसेल.

नोव्हेंबरात सिनेमा लागला.
आपलंच भूत आपल्याला तिकीट लावून दाखवतात,
त्रायान म्हणाला, आणि डेपोत रात्रपाळीला गेला.
सूप निवायचीसुद्धा वाट न पाहणारा माणूस.
जीभ भाजते, मग माझ्यावर चिडतो.

मी एकटी, नवव्या रांगेत,
बाजारातून थेट, पायाशी लसणाची माळ.
सुरुवातीला अख्खं थिएटर हसत होतं.
किल्ला आमचा नव्हेच, बर्फ मिठाचं,
गावकरी बोलतात तसं कुठल्याच गावात बोलत नाहीत.

मग ती खिडकी उघडते
आणि तो आत येत नाही.
चौकटीबाहेर उभा. विचारतो, येऊ?
चार शतकं थांबलेला
आणखी एक मिनिट थांबतो.

हसणं कधी थांबलं कळलं नाही.
पुढच्या रांगेत निवृत्त शाळामास्तरीण एउफ्रोसिनाबाईंनी
गळ्याचा रुमाल सैल केला.
मला ठाऊक होतं तार कुठे आहे, डिंक कुठे लावलाय,
रक्तात बीट किती आणि साखर किती.
तरी तो वाकला तेव्हा
माझी मान कलली. जराशीच, डावीकडे.
दिवे लागलेले असते तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.
कुणाला मान दिला, कुणाला मान दिली,
फरक एका मात्रेचा.
अर्धा मिलिमीटर.

पहाटे त्रायानने कुलपात किल्ली फिरवली.
मी आतून कडी घातली होती.
विचार, मी म्हणाले.
काय विचारू?
आत येऊ का, असं विचार.

बराच वेळ काहीच नाही. बूट आपटल्याचा आवाज.
मग दाराला अगदी टेकून,
रात्रभर न झोपलेल्या आवाजात:
रुक्सांद्रा, उजाडायला आलंय.