डोकं धरणारा

रजिस्टरात माझं पद ‘परिचर’ असं आहे.
काम एवढंच, डोकं धरायचं.
सेमिनरी हिल्सच्या चढावरच्या या दवाखान्यात
एकवीस वर्षं झाली:
कुत्र्याचं टेबलावर, दोन्ही तळव्यांत,
घोड्याचं छातीशी.
जिथे कापाकापी चालते
तिकडे बहुधा माझी पाठ.

सकाळी फुटाळ्याची एक कुत्री होती, कोणाचीच नाही.
दाणे खाऊन कोणी फेकलेलं कणसाचं दांडकं
तिने अख्खं गिळलेलं. चार दिवस उलट्या.
खोब्रागडे मॅडमनी आतडं बाहेर घेतलं,
ओल्या गॉजवर ठेवून बोटांनी चाचपत गेल्या,
थांबल्या,
आणि थोड्या वेळाने ट्रेमध्ये आवाज आला, टक्.
“मोज रे शालिक.”
मी पट्टी लावली. नऊ सेंटिमीटर.
शुद्धीवर येताना ती माझा अंगठा चाटत होती,
मिठासाठी असेल. घाम फार येतो मला.

मग नियामतभाई आले मोमीनपुऱ्याहून,
मैनाला चालवत. तासाभराची वाट,
तीन तास लागले म्हणाले.
पांढरी घोडी. कपाळावर रात्रीच्या वरातीची चमकी अजून चिकटलेली.
मागचा डावा पाय मध्येच ताठ व्हायचा,
खूर घासत जायचा डांबरावर,
जसं कोणी मागून धरून ठेवलंय.
“बँडवाल्यांना वाटलं, नाचते आहे,” नियामतभाई म्हणाले.
“लोकांनी नोटा ओवाळल्या.”

गुडघ्याची वाटी अडकते, मॅडमनी सांगितलं,
एक दोरा तोडावा लागेल, उभ्याउभ्याच होतं.
बाहेर शेहेचाळीस. कूलर नुसताच ओरडत होता.
मी वरच्या ओठाला पिळणी लावली,
कान माझ्या खांद्यावर घेतला
आणि जे नेहमी बोलतो ते बोलत राहिलो:
काही नाही होत माय, काही नाही,
काऊन घाबरतेस, मी आहो न.
घरी असं कोणाशी बोलत नाही मी.
बायको म्हणते, घोडी झाले असते तर बरं होतं.

तिचा डोळा एवढा मोठा
की त्यात खिडकी, मी, मॅडमची वाकलेली पाठ,
सगळं एकदम मावलेलं.
मी पहिल्यांदा तिथूनच पाहिलं
मागे काय चालतं ते:
बोटभर चीर, वाकडं पातं आत,
आणि आतल्या आत काहीतरी सुटलं.
मैनाने पाय उचलला.
टेकला.
पुन्हा उचलला, जणू तो आताच कोणी आणून दिलाय.

“तीन महिने वरात नाही,” मॅडम म्हणाल्या.
नियामतभाईंनी खिशातून डायरी काढली,
वैशाखाची बावीस नावं, जेठाची नऊ,
एकेका नावावर बोट ठेवत गेले,
मग डायरी मिटून तिचाच वारा घेतला.
“पहिल्या नवऱ्याला फोन कोण लावणार?” एवढंच विचारलं.
फोन मीच लावला.
पलीकडचा माणूस फार बोलला. मी रिसिव्हरही धरू शकतो.

आता रात्री कामठी रोडला वरात अडवते,
स्कूटर बंद करून मी उभा राहतो.
बत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया जातात,
बेंजो जातो, फेटा जातो.
नवरदेव कसा होता, बायको विचारते घरी आल्यावर.
मला सांगता येत नाही.
मागचा डावा, मी म्हणतो,
बरा टाकत होती.