नऊ

त्रिएस्तेच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो.
उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय,
की सुलटं काही दिसलं की अजूनही संशय येतो.

लेखकमहाशयांची कादंबरी दर शनिवारी हप्त्याने छापायची,
कागद आदल्या रात्री यायचे, समासात कॉफीचे डाग.
तिच्यात एक मुलगी होती, झानेता,
मिठागरवाल्याची, सहा वर्षांची.
खिडकीशी बसून जहाजं मोजायची.
बाकी सगळे कर्ज, वारसा, लग्न यांत बुडालेले;
हिचं आपलं : तीन. चार. आज पाच.

"तिला नुसती पोर समजू नकोस, बोर्तोलो,"
ते एकदा हातमोजे काढत म्हणाले,
"ती या शहराचा आत्मा आहे.
म्हणून तिला मरावं लागेल."
मी मान हलवली. आमच्याकडे आत्म्याला वेगळा दर नव्हता.
हजार अक्षरांमागे ठरलेले पैसे,
मग ती अक्षरं साबणाच्या जाहिरातीची का असेनात.

एकेचाळिसावं प्रकरण जानेवारीत आलं.
बोरा वारा सुटलेला, लोक रस्त्यात बांधलेले दोर धरून चालत होते.
घरी माझी ओरसोला तापाने फणफणलेली,
छताच्या तुळया मोजत पडलेली.
आठवर येऊन अडायची, पुन्हा पहिल्यापासून.

हस्तलिखितात होतं :
'सात, ती म्हणाली. आठ.
मग खिडकीत नुसता समुद्र उरला.'

पहिली ओळ जुळवली.
दुसरीसाठी हात पेटीत गेला
आणि तिथेच राहिला, गार शिशात.
शेवटी एकच शब्द लावला. नऊ.
आणि फर्मा आवळला.

लेखक चिडले. मग वाचकांची पत्रं आली,
मग चिडायचे थांबले.
पुस्तक निघालं तेव्हा समुद्राची ओळ त्यांनी परत घातली.
माझा आकडा ठेवला,
पोर काढून नेली.

आता विद्यापीठातले लोक लिहितात :
नऊ म्हणजे गर्भाचे महिने,
नऊ म्हणजे दहाच्या उंबऱ्यावर थबकलेलं साम्राज्य.
एकाने तर नववं जहाज म्हणजे मृत्यूच, असं सिद्ध केलंय,
तळटीपांसकट.
असेल. शिकलेली माणसं आहेत.

ओरसोला मासळीबाजारात बसते, चांगली जाड झालीय.
तारल्या मोजून देताना आठवर अजून अडखळते.
गिऱ्हाईक कंटाळतं,
मग ती वर एक टाकते
आणि म्हणते, घ्या, नऊ.