पाठीचा तुकडा

आमच्याकडे एका कोंबडीचे नऊ नाही, दहा तुकडे होतात.
दहावा पाठीचा.
नवखं गिऱ्हाईक विचारतं, यात खायचं काय?
मी म्हणते, हाडं.
आणि हाडांना धरून राहिलेलं सगळं.

ओहायोतलं हे गाव. कालव्याच्या अलीकडे आम्ही, झोर्काचं.
पलीकडे मिलोराडचं.
मीठ तेच, मैदा तोच, अंडं, पावाचा चुरा,
रात्रभर थंडीत निजवलेली कोंबडी
आणि काळ्या कढईत डुकराची चरबी.
मसाल्याचं विचारलंत तर झोर्का अशी बघायची,
जणू चर्चमध्ये कुणी शिट्टी घातली.
सोबत व्हिनेगरमधला कोबी,
आणि मिरची-टोमॅटोत रटरटलेला लाल भात,
ज्याला या गावात कुणी भात म्हणत नाही,
नुसतं ‘तिखट’ म्हणतात.
कृती कुठेच लिहिलेली नाही. पाठ आहे.
तिच्या सासूला होती, तिला होती,
आता नेनादला आहे, असं तो म्हणतो.

माझा बाप वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून
इथे टायर वळायला आला.
त्याच्या नखांतलं काळं रविवारीसुद्धा निघायचं नाही.
संपाच्या वर्षी मी नऊ वर्षांची होते.
मागच्या दाराशी रांग लागायची, बायकांची आणि पोरांची,
पुरुष लांब, गाड्यांपाशी, बूट न्याहाळत.
झोर्का कागदी पिशवीतून पाठी द्यायची,
तेलाने पिशवी पारदर्शक होत जायची,
मी ती कोटाच्या आत छातीशी धरून न्यायची,
बर्फात चालणारी छोटीशी शेगडी.
पैसे? ती वहीत काहीतरी लिहायची.
पुढे बत्तीस वर्षं मी तिथेच ताटं उचलली,
एकदा ती वही हाती लागली.
आमच्या नावापुढे आकडा नव्हता,
कोंबडीचं चित्र होतं. वाईट काढलेलं.

पाठीवर मारा, पोटावर मारू नका, म्हणतात ना.
कंपनीने सरळ पोटावरच मारलं.
चिमण्या पाडल्या. पाळी सुटल्याचा भोंगा गेला.
रात्री अकराची गर्दी गेली, साडेसातची म्हातारी राहिली,
दातांची कवळी रुमालात बांधून
पाठ चोखणारी.

मिलोराड तिचा सख्खा दीर.
भातात मिरची पहिल्यांदा कुणी घातली यावरून बिनसलं,
निदान गाव तरी असं सांगतं.
एकोणतीस वर्षं दोघांनी एकमेकांकडे पाठ केली.
मधे कालवा, बदकं, आणि एक पूल
ज्यावरून गिऱ्हाइकं गुपचूप जायची.
आम्हाला कळायचंच. कोटाला वास येतो.

फेब्रुवारीत झोर्का गेली.
दार पहिल्यांदा बंद. नेनाद म्हणाला,
आज माझ्याच्याने चरबी तापवणार नाही.
चर्चच्या तळघरात पन्नास खुर्च्या,
कॉफी, विकतचा केक,
आणि पोटात काहीतरी हवं असलेली माणसं
जी मागायला लाजत होती.

साडेअकराला व्हॅन आली.
शहाऐंशीचा मिलोराड, कोटाखाली अॅप्रन तसाच,
दोन परातींवर फॉइल.
आत आला नाही. दार पायाने अडवून उभा राहिला,
वारा आत, वास आत.
फॉइल काढलं.
दोन्ही परातीत नुसत्या पाठी.

कुणी काही बोललं नाही.
पन्नास माणसं हाडं चोखताना जो आवाज होतो
तेवढाच होता.

चव?
बत्तीस वर्षं मी लोकांना शपथेवर सांगत आले
की पलीकडची कोंबडी कच्ची राहते, चरबी जुनी असते.
दुसरा तुकडा घेतला तेव्हा नेनाद माझ्याकडे बघत होता.
तिसरा त्याने घेतला.

भात मात्र त्यांचा जरा फिकाच.
एवढं तरी मला म्हणू द्या.