पाट्यावरचं हिरवं

बावधनचं बगाड होऊन चार दिवस झाले होते.
पाचगणीचं हॉटेल दोन दिवस बंद, गॅसची लाईन बदलतायत,
म्हणून धाकटी जाऊ हेमलता घाट उतरून
साडेतीनच्या एसटीनं पसरणीला आली.
पिशवीत बटरपेपरात गुंडाळलेली
चीजची वाळकी कड.
आचारी टाकूनच देणार होता.

"अक्का, आज पेस्टो करायचा."
ते काय असतं?
"हिरवं. वाटायचं. वर तेल."
एवढं शिकायला घाट चढायचा कशाला,
हे ओठावर आलेलं मी गिळलं.
दोन दिवसांसाठी आलीय बिचारी.

तिकडं म्हणे तुळशीच्या बहिणीचा पाला लागतो,
काचेच्या घरात वाढवलेला.
आम्ही कालव्याच्या कडेनं निघालो.
पाथरी, जमिनीला चिकटून बसलेली,
तोडली की पांढरं दूध,
बोटं संध्याकाळपर्यंत तपकिरी.
घोळ थोडी.
"त्या बांधाची नको," ती म्हणाली,
"बघ, पिवळी रेघ ओढल्यासारखं गवत मेलंय. फवारलंय."
मग मारुतीमागच्या चिंचेचा चिगूर,
फांदी मी ओढून धरली,
तिनं ओरबाडला, निम्मा तोंडात, निम्मा ओच्यात.

मला वास येत नाही.
त्या तापाच्या वर्षापासून.
दूध उतू जाताना कळतं ते चुरचुरल्यावर,
भाजी करपल्याचं डोळे झोंबल्यावर.
थोरला पोरगा सिगारेट ओढून घरात येतो
आणि मला कळत नाही,
हे त्याला कळलंय.
बाकीच्यांना वाटतं माझ्या हाताची चव गेली.
खरं काय ते एकट्या हेमलताला माहीत.

"मिक्सर नको, पातं तापतं, हिरवं काळं पडतं."
मग पाटा उभा होता तो आडवा केला.
टाकी लावणाऱ्या बाईला गावात येऊन
किती वर्षं झाली, मोजत बसलो दोघी,
तिच्या कडेवरचं पोर आता बापई झालं असेल.
पाटा गुळगुळीत. पाला नुसता घसरायचा.
मग आधी जाड मीठ, ओल्या लसणीची पात,
भाजलेले शेंगदाणे, आणि मग पाला,
वरवंटा पुढं लोटताना ती, मागं ओढताना मी,
एकाच दगडावर चार हात,
तिच्या बांगड्या माझ्या मनगटावर आपटत.
कड किसली. घाण्याचं तेल सोडलं.

बोटावर घेतलं.
आधी आंबट, चिगराचं,
जिभेच्या दोन्ही कडांना.
मग खारट.
मग कडू, मागं, घशाशी,
पाथरीचं ते जुनं कडू, सावकाश येणारं,
पण आलं की न हलणारं.
तेवढं मला पोचतं अजून.
आणि मध्ये एक मोकळी जागा,
जिथं वास असायला हवा होता.

म्हटलं, वास कसाय, सांग.
ती थांबली. पाट्यावर वाकली. डोळे मिटले.
हॉटेलात तिला असं कुणी विचारत नसणार.
"लसणीचा आहे."
ते ठाऊक आहे. अजून?
"गवत कापल्यासारखा."
अजून?
बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी शेळीला हाका मारत होतं.
"उन्हाळ्यात आडात घागर सोडतो बघ,
दोर संपत येतो, आणि पाणी लागायच्या आधी
खालून तोंडावर गार येतं काहीतरी.
तसा."

मी परत बोट बुडवलं.
वास आला, असं म्हणणार नाही.
पण गार लागलं.

रात्री भाकरीबरोबर खाल्लं सगळ्यांनी.
दीर म्हणाले, चटणीत चीज कुणी घातलं?
पोरगा तीन भाकरी खाऊन उठला,
अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला पाठमोरा.
हेमलतानं माझ्याकडं बघून
नाकाला हळूच बोट लावलं.

मी पाटा धुवायला घेतला.
तीनदा पाणी ओतलं.
कडेला जिथं जुन्या टाकीचे चार टोचे शिल्लक होते,
त्यांत हिरवं अडकून राहिलं होतं.
ते तसंच राहू दिलं.