चतकोर

केदूदादाच्या तोंडात काही नसतं
तरी जबडा चालूच.
जेलरोडच्या टपरीवर कुणी विचारतं, "चुना देऊ?"
तो हसतो. हसतानाही जीभ
गालाच्या आतून काहीतरी चाचपत असते.

एकोणीस वर्षं झाली गोळीला.
नोटप्रेसला मोजणीवर होता तेव्हा
गड्ड्यांतून कुणी नाव घेऊन बोलायचं.
गोळीनं ते बुजवलं.
बोळे घातले आपण, म्हणाल्या कोतवाल डॉक्टरीणबाई,
डोपामिनच्या वाटेवर.
पण पेशी मुकाट बसत नाहीत हो,
ऐकू येईना म्हणून त्यांनी कान वाढवले.
आता कुजबुजही त्यांना हाळी वाटते,
आणि जबडा ओ देत राहतो.

एकदम थांबवायची नाही.
मागे नऊ दिवस चुकले
तर वालदेवीच्या पुलावर सापडला, अनवाणी,
कठड्याशी भांडत.

म्हणून रोज रात्री मी
ब्लेडनं गोळीतला चतकोर उतरवतो, त्यांनी सांगितला तेवढाच.
भुकटी बोटाला लागते. कडू.

काल मध्येच त्याचा जबडा थांबला.
"तुला येतंय ऐकू?"
माझा हात ब्लेडवरच राहिला.
कान दिला.

प्रेसचा भोंगा होता.
"हो," म्हणालो, "मलाही."