मनोबल एकतीस

गोडोलीतल्या खोलीत, रात्री सव्वादोनला,
माझ्या किल्ल्यावर कुणी जेवत नाहीये.
शिपाई चौदा. काल संध्याकाळपर्यंत कुत्री सात.
टोळी दिसताच पुलाची खटकी मीच ओढली,
आणि कुत्री पुलापलीकडं राहिली.
माणसं सगळी आत. तटाला ओरखडा नाही.
हिशेबानं बघितलं तर मी जिंकले.

हैबती दरवाज्याशी बसून आहे, भाला आडवा.
त्याच्या नावावर टिचकी मारली की ओळी उघडतात:
त्याला मधाची दारू आवडते.
त्याला पावसात भिजल्याचा राग आहे.
त्याने आपले कुत्रे मरताना पाहिले.
मनोबल एकतीस.

सगळं करून पाहिलं मी.
पहाऱ्याच्या पाळ्या बदलल्या,
जेवणघराच्या भिंती घासून त्यांवर मोर कोरून घेतले,
माणशी दोन पेले रम.
"कॅन्टीनची का?" पाठीमागून आप्पा.
मला वाटलं झोपलेत.
गुडघ्याला तेल चोळत कॉटवर बसलेले,
चष्म्यात माझा किल्ला, उलटा, इवलासा.

रमनं एकतीसचे तेहतीस झाले
आणि रात्रीच्या जेवणानंतर एकोणतीस.

"पुरली का?" आप्पा म्हणाले.
"काय?"
"कुत्री."

मी कोठाराची यादी उघडली.
मेलेलं जनावर आपोआप खाटीकखान्यात जातं,
तसं सुरुवातीपासूनच ठरलेलं असतं, बदलायचं राहून गेलं.
मांस, एकवीस वाटे. कातडी, सात.
रात्रीच्या जेवणात काय होतं
ते मी आप्पांना सांगितलं नाही.
त्यांनी यादी वाचली. त्यांना वाचता येतं.

बराच वेळ तेलाचाच आवाज.
मग म्हणाले,
"चारशे सात नंबर. खुरावर डागलेला.
नावाला मैना, पण लाथा मारायची.
वरच्या चौकीला रॉकेल न्यायचो आम्ही, ती अन् मी.
दरड आली. दोर माझ्या हातात ऱ्हायला."

मी विचारलं, मग सुट्टी दिली का साहेबानं?
"सुट्टी?" आप्पा हसले, म्हणजे नाकातून वारा सोडला.
"दुसऱ्या दिशी सकाळी खरारा दिला हातात.
चारशे अकराचा. कर म्हणाला.
केला. ते चारशे अकरा बी येडं,
माझी टोपी चावत व्हतं सारखं."

"बरं वाटलं?"
"न्हाय.
हात हलले."

अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा
खिडकीत लागतो, विझतो, लागतो.
खालच्या गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नाहीये.
आप्पांनी तेलाची बाटली बूच न लावता ठेवली
आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.
इतक्या वर्षांत मैनेचं नाव
या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आईनंही.

मी खाटीकखाना बंद केला.
पुलापलीकडं, टेकाडाच्या कडेला, सात चौकोन आखले.
पुरायला कातडीच उरली होती, तर कातडी.
काम हैबतीला दिलं.
तो उठेल असं वाटलं नव्हतं.
पहिल्यांदा नाहीच उठला. एक ऋतू तसाच गेला,
भाला गंजला, कोंबड्यांनी पिल्लं काढली.
मग कधीतरी, मी चहा ठेवायला गेले असताना,
कुदळ घेऊन चालू लागलेला.

परत येऊन नावावर टिचकी मारली.
हैबतीने आज एक खड्डा खणला.
त्याला विशेष काही वाटले नाही.
मनोबल एकतीस.

अजून सहा खड्डे आहेत.
उत्तरेच्या रानात टोळीचे जाळ दिसतायत, तीन, नाही, चार.
आता पूल उचलायला हवा, हे मला कळतं.
तो पलीकडं आहे, वाकलेला,
आणि माझा हात खटकीवर आहे.

"ऱ्हाऊ दे खाली," आप्पा म्हणाले, भिंतीकडंच तोंड करून.
त्यांना इथून पडदा दिसत नाही.