क्षेत्र न लावता

गिरणेच्या पुलापलीकडं टेकडीवरचं विद्यापीठ.
मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
डांबराला चपला चिकटतात.
खोली क्रमांक सतरामध्ये मात्र
सुपडूभाऊ शिरसाठ कॅनचं बूच काढतात
आणि उणे एकशे शहाण्णव
पांढऱ्या धुरासारखं त्यांच्या पायांवरून वाहतं.

हा नायट्रोजन गुरांच्या दवाखान्याच्या गाडीतून येतो.
त्याच गाडीत गीर वळूंचं बीज गोठून असतं,
नळीनळीवर नाव आणि तारीख.
ड्रायव्हर दर मंगळवारी विचारतो,
तुमच्याकडं कुठलं जनावर?
सुपडूभाऊ सांगतात, लोखंड.
"गाभन ऱ्हास का ते?"
"आजून तरी नही."

मी कोबाल्ट फेराइटची भुकटी मोजते.
अकरा मिलिग्रॅम, टेफ्लॉनच्या फितीत गुंडाळून
दांडीच्या टोकाला.
दांडी थरथरते, सेकंदाला ऐंशी वेळा,
कॉइलमध्ये एक बारीक व्होल्टेज जागं होतं,
पडद्यावर आलेख चढतो, वळतो, उतरतो,
आल्या वाटेनं परत जात नाही.
मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून.
इथल्या फीडरचं वेळापत्रक मला
आवर्तसारणीपेक्षा नीट पाठ आहे.

एका दुपारी सुपडूभाऊंनी डब्याच्या पिशवीतून
भाकरीखालून एक दगड काढला.
"मना बापनी खंदेल विहीर. बासष्ट हात.
पानी लागनं नही.
याले भी मोजी द्या."

काळा बेसाल्ट. हरभऱ्याएवढा तुकडा कापला.
या वेळी चुंबक बंदच ठेवला;
चालू केला असता तर दगडानं
जुनं विसरून आमचंच म्हणणं धरलं असतं.
नुसती दांडी हलू दिली.
आकडा आला. थोडा, पण आला.

लाव्हा निवताना तेव्हाची उत्तर धरून ठेवतो, मी म्हटलं,
माणूस नव्हता, गिरणा नव्हती, तेव्हाची.
"मंग त्यानी उत्तर कोठे शे?"
ते सांगता येणार नाही.
विहिरीतून उचलण्याआधी खूण करायला हवी होती.
दगडाला आठवतं आहे,
पण त्याचं तोंड कुठं होतं
ते उचलणाऱ्या हातात गेलं.

ते गप्प बसले.
कॅनच्या गळ्यावर हिम धरलं होतं,
ते बोटानं खरवडत राहिले.

पुढच्या सोमवारी आले ते ढोपर फोडून.
आधी होकायंत्र परत ठेवलं,
जे नेल्याचं मला माहीतच नव्हतं.
मग पिशवीतून नवा दगड,
त्यावर मुलीच्या नेलपॉलिशनं काढलेला बाण,
गुलाबी, जरा वाकडा.

तीन बाजूंनी फिरवून मोजला.
संध्याकाळचे सात वाजले. बाण एकीकडं,
दगडाची उत्तर जवळजवळ उलट.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
पृथ्वीचं चुंबक तेव्हा उलटं होतं,
पुस्तकात आहे हे सगळं,
पण पुस्तकाचं ढोपर फुटत नाही.

सुपडूभाऊ पडद्याजवळ वाकून उभे.
"बाप म्हने, दखनले पानी शे," ते म्हणाले,
"आम्ही हसनूत."
आणि उद्याच्या गाडीसाठी
रिकामा कॅन दाराशी नेऊन ठेवला.